जुनं परदेशी पिस्तूल भारतात इतकं महाग का असतं? सेकंड हँड घेताना नेमकं काय तपासायचं?

१ ऑक्टोबर २०२४. पहाटेची वेळ. अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, खाली पडलं, गोळी सुटली आणि गुडघ्याखाली पायात घुसली. ऑपरेशन करून गोळी काढावी लागली. तीन दिवसांनी तो हॉस्पिटलमधून घरी आला.

परवाना होता, शस्त्र कायदेशीर होतं, समोर कुणी हल्लेखोरही नव्हता. तरीही गोळी लागली, आणि ती मालकालाच.

या बातमीनंतर सोशल मीडियावर मीम्स फिरले, तसेच काही खरे प्रश्नही फिरले. भारतात साध्या माणसाला पिस्तूल घेता येतं का? जुनं, सेकंड हँड शस्त्र मिळतं का? "आमच्या आजोबांचं एक आहे कपाटात, त्याचं काय करायचं?" आणि सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या परदेशी पिस्तुलाला लोक लाखो रुपये का मोजतात?

एकेक करून बघू.

आधी पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरमधला फरक

बोलताना आपण दोन्हीला पिस्तूलच म्हणतो. पण परवान्यावर आणि दुकानात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रिव्हॉल्व्हरमध्ये मधोमध गोल फिरणारं सिलिंडर असतं आणि गोळ्या त्यात बसतात. पिस्तुलात गोळ्या मुठीच्या आत सरकवलेल्या मॅगझिनमध्ये असतात. गोळी सुटली की वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना नवी गोळी नळीत ढकलते. म्हणूनच मॅगझिन बाहेर काढलं तरी पिस्तूल रिकामं झालं असं होत नाही. एक गोळी नळीत बसलेली असू शकते. पिस्तुलाचे बरेच अपघात नेमके इथेच होतात.

कॉम्पॅक्ट पिस्तूल म्हणजे खिशात किंवा कमरेला सहज मावेल असं लहान पिस्तूल. भारतात सामान्य नागरिकाच्या परवान्यावर दिसणारं पिस्तूल बहुतेक वेळा याच प्रकारातलं आणि .३२ बोअरचं असतं.

.३२ च का?

कारण कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांनुसार शस्त्रांचे दोन मोठे गट पडतात, प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. बोअर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतल्या भोकाचं माप. पोलीस आणि लष्कर वापरतं ते ९ एमएम पिस्तूल प्रतिबंधित गटात येतं. सामान्य माणसासाठी उरतात ती .३२, .२५ आणि .२२ अशी लहान बोअरची शस्त्रं. त्यात स्वसंरक्षणासाठी .३२ जास्त चालतं.

९ एमएम किती महागात पडू शकतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्तची टाडाच्या आरोपांतून सुटका झाली, पण एके-५६ रायफल आणि ९ एमएम पिस्तूल बेकायदा बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ती कमी करून पाच वर्षांवर आणली. उरलेली शिक्षा येरवड्यात भोगून तो फेब्रुवारी २०१६ मध्ये बाहेर आला.

ही जुनी पिस्तुलं आली कुठून?

.३२ पिस्तुलाची गोळी १८९९ च्या सुमारास जन्माला आली. तिच्यामागे होता अमेरिकन शस्त्र डिझायनर जॉन ब्राउनिंग. बेल्जियमच्या एफएन कंपनीने त्याच्या डिझाइनचं पिस्तूल बाजारात आणलं आणि ते इतकं चाललं की युरोपात 'ब्राउनिंग' हा शब्दच पिस्तुलासाठी वापरला जाऊ लागला. पुढे अमेरिकेत कोल्टचं १९०३ चं पॉकेट मॉडेल आलं. इंग्लंडमध्ये वेब्ली अँड स्कॉटचं .३२ पिस्तूल आलं आणि १९११ पासून लंडनच्या पोलिसांनी ते वापरायला घेतलं. जर्मनीत वॉल्थरने १९२९ मध्ये पीपी आणि त्यानंतर लगेच त्याची छोटी आवृत्ती पीपीके काढली. जेम्स बाँडच्या हातात दिसतं ते हेच पीपीके.

ब्रिटिश काळात आणि स्वातंत्र्यानंतरही काही दशकं अशी पिस्तुलं भारतात कायदेशीरपणे येत होती. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, जमीनदार, प्लँटर, व्यापारी आणि परदेशातून परतणारी माणसं ती घेऊन आली. १९८० च्या दशकात सरकारने सामान्य नागरिकांसाठी परदेशी बंदुका आणण्याची वाट जवळपास बंद केली. नेमबाजीतले खेळाडू आणि मोजके अपवाद सोडले, तर बाहेरून नवं पिस्तूल येणं थांबलं.

महाग असण्याचं कारण हेच. देशात जेवढी परदेशी पिस्तुलं आहेत तेवढीच पुन्हा पुन्हा विकली जातात. त्यांची संख्या वाढत नाही, उलट दरवर्षी काही जप्त होतात, काही जमा होतात, काही गंजून जातात. गिऱ्हाईक मात्र आहेच. त्यामुळे अमेरिकेत काहीशे डॉलरला मिळणारं जुनं वॉल्थर इथे लाखांत जातं. ती किंमत शस्त्राच्या गुणवत्तेची आहे असं समजू नका. त्यातला मोठा भाग फक्त टंचाईचा आहे.

मग भारतीय पिस्तूल का नको?

हा प्रश्न दुकानात जायच्या आधी स्वतःला विचारायला हवा.

सरकारी आयुध कारखाने अनेक वर्षं नागरिकांसाठी .३२ बोअरची शस्त्रं बनवतात. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातलं 'अशनी' हे पिस्तूल त्यातलंच. कानपूरला .३२ रिव्हॉल्व्हर बनतं. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेलं हलकं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आठवत असेल, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. बंदुकांचं काम आता त्यातल्या कानपूरच्या कंपनीकडे आहे. खासगी उत्पादकही आता या बाजारात उतरले आहेत.

नव्या भारतीय शस्त्राचे फायदे साधे आहेत. पहिला मालक तुम्ही असता, कारखान्याचं बिल असतं, सुटे भाग मिळण्याची शक्यता असते. ऐंशी वर्षांच्या पीपीकेमध्ये यातलं काहीच नसतं. तरी लोक जुनं घेतात, कारण त्याचं फिनिशिंग, नाव आणि 'इम्पोर्टेड' या शब्दाचं वजन. हौस म्हणून ठीक. पण जीव वाचवायला शस्त्र हवंय असं म्हणत असाल, तर हौस आणि गरज वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

परवान्याशिवाय पुढे जाताच येत नाही

आधी पिस्तूल पसंत करू, मग परवाना काढू, असं चालत नाही. आधी परवाना, त्यावर शस्त्राचा प्रकार आणि बोअर, मग खरेदी.

अर्ज कुणाकडे करायचा? मुंबई, पुणे, नागपूर अशा पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत. वय किमान २१ लागतं. पोलीस पडताळणी होते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि शस्त्र सुरक्षित ठेवायची सोय आहे हे सांगावं लागतं. जिवाला धोका आहे असं कारण दिलं असेल, तर तो धोका पटवून द्यावा लागतो.

हे सगळं करूनही परवाना मिळेलच असं नाही. भारतात शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, परवानगी आहे. नकार मिळाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

२०१९ मध्ये कायद्यात मोठे बदल झाले. एका व्यक्तीला तीनऐवजी जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. ज्यांच्याकडे तिसरं शस्त्र होतं त्यांना ते एका वर्षात जमा करायला किंवा विकायला सांगितलं गेलं. वडिलोपार्जित शस्त्रही या दोनच्या मर्यादेत मोजलं जातं.

खरी तपासणी कागदांची

आता मुख्य मुद्दा. जुनं पिस्तूल घेताना लोक आधी हातात घेऊन बघतात, मग भाव विचारतात आणि कागद शेवटी. क्रम उलटा पाहिजे. पिस्तुलाची स्प्रिंग खराब निघाली तर पैसे जातील, कागद खराब निघाले तर तुम्ही आत जाल.

कागदांत मुख्य गोष्ट एकच शोधायची, ती म्हणजे मालकीची साखळी. हे शस्त्र आधी कुणाच्या परवान्यावर होतं, त्याच्याकडे कुणाकडून आलं, मधल्या काळात ते कुठे होतं? मालक वारला असेल तर शस्त्र पोलीस ठाण्यात की दुकानात जमा झालं होतं? त्याची पावती आहे का? या साखळीतली एखादी कडी गायब असेल तर थांबायचं.

दुसरी गोष्ट नंबर. प्रत्येक कायदेशीर शस्त्रावर बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या परवान्यांवर हाताने लिहिलेल्या नोंदी असतात. ३ चा ८ झालेला असतो, पुढचं इंग्रजी अक्षर गाळलेलं असतं, 'वेब्ली'च्या जागी नुसतंच 'इंग्लिश पिस्तूल' लिहिलेलं असतं. "चालतंय हो, साहेब ओळखीचे आहेत" यावर विसंबू नका. चूक असेल तर विकणाऱ्याने ती आपल्या परवाना शाखेतून आधी दुरुस्त करून आणावी, मग बोलणी.

नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा अर्धवट दिसत असेल तर विषय तिथेच संपवा. कायद्याच्या कलम ८ नुसार शस्त्रावरची ओळखखूण पुसणं किंवा बदलणं गुन्हा आहे आणि अशी खूण नसलेलं शस्त्र विकायलाही मनाई आहे.

कागद नसलेलं सेकंड हँड पिस्तूल काय करू शकतं, याचं सगळ्यात काळं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ३० जानेवारी १९४८ ला महात्मा गांधींच्या हत्येसाठी वापरलं गेलेलं इटालियन बनावटीचं बेरेटा १९३४ हे असंच एक लहान, वापरलेलं पिस्तूल होतं. हत्येच्या काही दिवस आधी ते ग्वाल्हेरमध्ये हातोहात मिळवलं गेलं होतं. शस्त्र कुणाकडून कुणाकडे गेलं याची नोंद ठेवण्यावर कायदा एवढा भर का देतो, ते यावरून कळतं.

खरेदीचे दोन रस्ते

पहिला रस्ता परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचा, म्हणजे गन हाउसचा. लोक आपली जुनी शस्त्रं विक्रीसाठी तिथे ठेवतात. विक्रेता तुमचा परवाना तपासतो, शस्त्राची नोंद त्यावर करतो, बिल देतो आणि आपल्या रजिस्टरमध्ये लिहितो. त्यानंतर शस्त्र आणि परवाना परवाना शाखेत दाखवून नोंद पूर्ण करून घ्यायची. दोन पैसे जास्त जातात, पण साखळी नीट राहते.

दुसरा रस्ता थेट परवानाधारक व्यक्तीकडून. कायदा याला परवानगी देतो, पण एक अट आहे आणि ती फार जणांना माहीत नसते. विकणाऱ्याने आपण शस्त्र विकणार आहोत हे, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह, जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं. त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. मगच शस्त्र हातात द्यायचं. 'आज टोकन द्या, पिस्तूल घेऊन जा, कागद नंतर बघू' हा व्यवहार दोघांनाही गोत्यात आणतो.

शस्त्र दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा राज्यातलं असेल तर आणखी काळजी घ्या. परवान्याची हद्द ठरलेली असते. कुणाची जिल्ह्यापुरती, कुणाची राज्यापुरती, कुणाची देशभर. लखनौचं पिस्तूल कोल्हापुरात आणायचं तर आधी दोन्हीकडच्या परवाना अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

आता पिस्तूल हातात घ्या

कागद बरोबर निघाले की शस्त्राकडे वळायचं. शक्य असेल तर परवानाधारक गनस्मिथला सोबत घ्या. गाडी घेताना मेकॅनिक नेतो तसंच. पहिलं काम, मॅगझिन बाहेर काढायचं आणि स्लाइड मागे ओढून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं. विक्रेता "रिकामंच आहे" म्हणाला तरी बघायचं.

नळी: पिस्तूल खोलून नळीतून उजेडाकडे बघा. आतल्या पीळदार रेषा स्वच्छ दिसायला हव्यात. जुन्या काळच्या गोळ्यांच्या प्रायमरमधून क्षार सुटायचे. साफसफाई झाली नाही तर नळीत बारीक खड्डे पडायचे. थोडे खड्डे चालून जातात. पण आत एखादी गोल काळसर कडी दिसली, तर ते नळी फुगल्याचं लक्षण असू शकतं. कधीतरी आत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी झाडली गेली असेल. असं पिस्तूल नको.

स्लाइड आणि फ्रेम: भिंगाने बघा. काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीच्या कोपऱ्यांत आणि स्लाइडच्या मागच्या बाजूला केसासारखी रेघ आहे का? .३२ ची बहुतेक जुनी पिस्तुलं साध्या रचनेची असतात. त्यांत स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच स्फोटाचा धक्का सोसला जातो. स्प्रिंग सैल पडली की प्रत्येक गोळीला स्लाइड फ्रेमवर आदळते आणि वर्षानुवर्षांच्या त्या आदळण्यातून तडे जातात.

सेफ्टी: रिकाम्या पिस्तुलाची सेफ्टी लावून ट्रिगर ओढायचा. काही हलता कामा नये. मग ट्रिगर सोडून सेफ्टी काढायची. त्या क्षणी खट् आवाज आला तर सेफ्टी झिजली आहे, आणि गोळी भरलेली असती तर ती सुटली असती. हे गनस्मिथनेच करून दाखवलेलं बरं, आणि नळी भिंतीकडे नाही, वाळूच्या पेटीकडे असावी.

पडल्यावर काय होईल? आज बनणाऱ्या बऱ्याच पिस्तुलांत ट्रिगर पूर्ण ओढल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊच नये अशी अडवणूक असते. शंभर वर्षांपूर्वीच्या बहुतेक डिझाइनमध्ये ती नाही. एफएनच्या १९१० च्या मॉडेलसारख्या पिस्तुलात फायरिंग पिन ताणलेल्या अवस्थेत एका छोट्याशा खाचेवर अडकलेली असते. ती खाच झिजलेली असेल आणि पिस्तूल फरशीवर पडलं, तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणून अशी शस्त्रं नळीत गोळी ठेवून बाळगायची नसतात.

मॅगझिन: मूळचं आहे की कुणी हाताने ठोकून बनवलेलं आहे? पिस्तूल अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे वाकलेले ओठ आणि मेलेली स्प्रिंग असलेलं मॅगझिन. जुन्या मॉडेलचं दुसरं मॅगझिन भारतात मिळणं कठीण, मिळालंच तर भाव विचारू नका.

चमक: जास्त चकचकीत पिस्तूल बघून भाळू नका. नव्याने काळा रंग किंवा निकेल चढवताना आधी धातू घासतात. त्यात गंजाचे खड्डे लपतात आणि कोरलेली अक्षरंही बोथट होतात. अक्षरांच्या कडा धारदार असलेलं, थोडं फिकट झालेलं पिस्तूल अनेकदा जास्त प्रामाणिक असतं.

सुटे भाग: फायरिंग पिन तुटली तर? एक्स्ट्रॅक्टर गेला तर? आयात बंद म्हणजे भागही सहज मिळत नाहीत. गनस्मिथ हाताने घडवून देईल, पण ते त्याच्या हातावर अवलंबून. त्यामुळे ज्या मॉडेलची माहिती असलेला गनस्मिथ तुमच्या शहरात आहे, तेच मॉडेल घेतलेलं शहाणपणाचं.

गोळ्यांचं गणित, आणि त्यात पुणे

'.३२' एवढंच ऐकून गोळ्या आणल्या तर फसगत होते. पिस्तुलाची .३२ गोळी आणि रिव्हॉल्व्हरची .३२ गोळी या वेगवेगळ्या आहेत. लांबी वेगळी, कडा वेगळी. एकीच्या जागी दुसरी वापरायची नाही. परदेशी पिस्तुलांवर तेच माप ७.६५ एमएम असं लिहिलेलं असतं. ७.६५ दिसलं की हे वेगळं, मोठं बोअर आहे असं वाटून घाबरायचं कारण नाही, पण नेमकी कोणती ७.६५ हे विक्रेत्याकडून खात्री करून घ्या, कारण त्या मापाच्याही एकाहून जास्त गोळ्या आहेत.

भारतात नागरिकांना मिळणाऱ्या .३२ गोळ्यांच्या बुडाशी अनेकदा 'केएफ' ही अक्षरं दिसतात. केएफ म्हणजे खडकी. पुण्याच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. म्हणजे पिस्तूल बेल्जियमचं, मालक सांगलीचा आणि गोळी पुण्याची, असं चित्र असू शकतं.

गोळ्या किती घ्यायच्या याची मर्यादा परवान्यावर असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. त्यातून सरावाला फार उरत नाहीत. आणि सराव नसलेल्या माणसाच्या हातात, घाबरलेल्या क्षणी, जुनं पिस्तूल किती उपयोगी पडेल याचा विचार लाखो रुपये मोजण्याआधी व्हायला हवा.

"आजोबांचं पिस्तूल कपाटात आहे"

सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात. परवाना आजोबांच्या नावावर. आजोबा गेले. घरच्यांना वाटतं, वस्तू आपलीच आहे, राहू दे आठवण म्हणून.

पण परवाना त्या व्यक्तीसोबत संपतो. त्यानंतर ते शस्त्र घरात असणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं. कायदा सांगतो, उगाच वेळ न घालवता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. पावती जपून ठेवा, पुढची सगळी साखळी तिच्यावर उभी असते. त्यानंतर वारस स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करू शकतो, किंवा परवानाधारकाला ते विकू शकतो. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं.

मालक हयात असतानाही सोय आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, कायदेशीर वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. तेव्हा घरात ज्येष्ठ परवानाधारक असतील तर आजच बोला. अस्थी विसर्जनाच्या गडबडीत पिस्तुलाची आठवण कुणाला राहत नाही.

"इतकं जुनं आहे, ते तर अँटिक झालं, परवाना कशाला?" हा समजही चुकीचा. कायद्यातली सूट वापरण्याजोग्या नसलेल्या, पुराणवस्तू झालेल्या शस्त्रांसाठी आहे. १९०८ सालचं पिस्तूल आजही गोळी झाडत असेल तर त्याला परवाना लागतो.

व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि रील

'ओरिजिनल इटालियन, घरपोच, कागद लागत नाहीत.' असे मेसेज फिरतात. यात दोनच शक्यता. पैसे घेऊन समोरचा गायब होतो आणि तुम्ही तक्रारही करू शकत नाही, कारण काय विकत घेत होता ते सांगणार कसं? किंवा खरंच काहीतरी येतं आणि तुम्ही गुन्हेगार होता. येणारी वस्तू बऱ्याचदा परदेशी नाव ठोकलेला देशी कट्टा असते आणि तो हातातच फुटू शकतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याला दोन ते पाच वर्षं कैद आहे. बेकायदा विक्रीला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

परवाना आहे म्हणून रील बनवायला मोकळीक मिळते असंही नाही. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र मिरवायला मनाई आहे. वरातीत हवेत गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय परवाना रद्द होऊ शकतो तो वेगळाच. निवडणूक आली की प्रशासन अनेक परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला लावतं, तेव्हाही ऐकावं लागतं.

घरात आणल्यावर

पिस्तूल कुलुपात. गोळ्या वेगळ्या कुलुपात. किल्ली कुठे आहे हे मुलांना माहीत नको. साफ करण्याआधी प्रत्येक वेळी नळी बघायची. प्रवासाला निघताना बॅग भरायच्या घाईत शस्त्राला हात लावायचा नाही.

आणि एक गोष्ट जी विक्रेता सांगत नाही. घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. घरात कुणी नैराश्यातून जात असेल, दारूचा प्रश्न असेल, सतत भांडणं होत असतील, तर शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करून ठेवता येतं. त्यात कमीपणा काही नाही.

थोडक्यात

जुनं कॉम्पॅक्ट पिस्तूल भारतात कायदेशीरपणे घेता येतं. त्यासाठी आधी परवाना, मग मालकीची साखळी, मग जुळणारा नंबर, मग नळी-स्प्रिंग-सेफ्टी आणि शेवटी भाव, हा क्रम पाळायचा. यातली एक पायरी जरी अडली, तरी व्यवहार सोडून द्यायचा. पिस्तूल दुसरं मिळेल. गुन्हा दाखल झाला की तो मात्र वर्षानुवर्षं मागे लागतो.

आणि आजोबांचं पिस्तूल अजून कपाटातच असेल, तर हा लेख फॉरवर्ड करण्याआधी त्यांच्या परवान्याची तारीख बघून या.